एक टोप, सात वार

कर्जत-खालापूरकडचा कुणी "ठाकुरवाडीला या" एवढंच सांगून फोन ठेवत असेल, तर त्याला तुम्ही यायला नको आहात असं खुशाल समजावं. या दोन तालुक्यांत डोंगराची सोंड दिसली की तिच्या अंगाखांद्यावर कुठेतरी एक ठाकुरवाडी असतेच. खाली भाताची खाचरं आणि गाव, वर ठाकर समाजाची वाडी. नुसतं 'ठाकुरवाडी' म्हणणं म्हणजे दादरच्या फलाटावर उभं राहून "ओ जोशी!" अशी हाक मारणं. त्यात रेल्वेनेही बोरघाटात आपली एक वेगळी ठाकुरवाडी ठेवली आहे. पळसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल. मोबाइलमधली बाई भाबडेपणाने तिचा रस्ता सांगू लागते आणि जेवायला निघालेले पाहुणे घाटाच्या दिशेने चालते होतात.

आमच्या मित्राचं फार्महाऊस अशाच एका ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला आहे. कुठल्या, ते सांगत नाही; सांगून उपयोग नाही हे वर आलंच. फार्म म्हणावं तर आंब्याची चार कलमं आणि एक झोपाळा. हाऊस मात्र आहे.

शनिवारी सकाळी या रस्त्यावर दोन उलट दिशांची वाहतूक चालू असते. वाडीतल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन कर्जत-नेरळच्या बाजाराकडे उतरत असतात. पावसाच्या तोंडाला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. थंडीत वालाच्या शेंगा. आणि मुंबईच्या गाड्या वर चढत असतात. त्यांच्या डिकीत बर्फाचा डबा, डब्यात सॉसेज, सॉसेजवर अ‍ॅव्होकाडो, आणि शेजारी पिशवीत बार्बेक्यूचा कोळसा. रानात जाताना घरून कोळसा नेणारी जमात जगात दुसरी नसावी. शांतता हवी म्हणून येतात आणि येताना स्पीकर आणतात, याबद्दल तर आता कुणी बोलतही नाही.

मार्गशीर्षातल्या त्या शनिवारी मित्राने डिकीतून आणखी एक वस्तू काढली. लाल-करड्या पुडीची बाटली. मित्र काही वर्षं ह्यूस्टनला काढून आलेला आहे. तिथून लुइझियाना राज्य फार लांब नाही, त्यामुळे सुट्टीत तिकडे जाऊन हा बरंच काही खाऊन आला. तेव्हापासून पाटीवर 'घरगुती' शब्द दिसला की आपण जसे निवांत होतो, तसा हा 'केजन' शब्दाने होतो.

"आज बायकांनी किचनमध्ये पाय ठेवायचा नाही," त्याने झोपाळ्यावरून जाहीर केलं. "वन पॉट पास्ता. केजन. चिकन, सॉसेज, पास्ता, सगळं एका टोपात. अर्धा तास. घासायला एक टोप."

पुरुषाने स्वयंपाक करायचा म्हटलं की आधी घोषणा लागते. बायका तीस-तीस वर्षं करतात, पण घोषणा राहून जाते.

आता पास्त्याची रूढ रीत अशी की तो पातेलंभर पाण्यात मीठ घालून उकळायचा, पाणी ओतून द्यायचं, सॉस वेगळा करायचा आणि मग दोघांची गाठ घालून द्यायची. २०१३ साली मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकाने एक पाककृती छापली. कच्चा पास्ता, टोमॅटो, कांदा, लसूण, तुळशीच्या जातीतली बेझिलची पानं, सगळं एकाच भांड्यात, बेताचं पाणी आणि खाली जाळ. पास्त्यातला पिष्ट बाहेर येतो, तो मोरीत न जाता भांड्यातच राहतो आणि त्याच पाण्याचा दाट रस होतो. पाककृती अमेरिकेत घरोघर पोचली. आपल्याकडे कणकेचे तुकडे आमटीत सोडून शिजवतात, त्यांना चकोल्या नाहीतर वरणफळं म्हणतात, आणि त्या करणाऱ्या बाईचा फोटो कुठल्याही मासिकात येत नाही.

टोप चुलीवर चढायच्या आधी ओट्यावर काय काय जमलं, ते मी बसल्या जागेवरून पाहत होतो. कांद्याचं ताट. ढोबळी मिरचीचा वाडगा. मुंबईहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या सेलरीचा वाडगा. कोंबडीला मसाला चोळून ठेवलेलं पातेलं. सॉसेज कापायची फळी. लसणाची वाटी आणि लसणाच्या सालांची दुसरी वाटी. भांडी कमी लागतात हा शोध नेहमी भांडी न घासणाऱ्याचा असतो. घासायला वाडीतल्या मावशी होत्या. त्या दाराशी उभ्या राहून हे प्रदर्शन पाहत होत्या. "शेट, आवरलं का सांगा," एवढंच म्हणाल्या आणि राख आणायला गेल्या.

कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी या तिघांना केजन स्वयंपाकात 'होली ट्रिनिटी', म्हणजे पवित्र त्रिमूर्ती म्हणतात. हे सांगताना मित्राने दत्ताच्या देवळात आल्यासारखा आवाज लावला. "पण केजन म्हणजे कोण?" असं वहिनींनी विचारलं. त्या अजून फोडणीची वाट बघत होत्या, मिळाला तो इतिहास.

हे मूळचे फ्रेंच शेतकरी. कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कोशियाच्या मुलखात, तेव्हाच्या अकॅडियात, वसलेले. इंग्रजांच्या राजाशी बिनशर्त इमानाची शपथ घेईनात, म्हणून १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घराबाहेर काढून जहाजांत कोंबलं आणि देशोधडीला लावलं. भटकत भटकत त्यांतले बरेच लुइझियानात पोचले. नदीकाठची चांगली जमीन पुढे बरीचशी मळेवाल्यांच्या हाती गेली. यांच्या वाट्याला पाणथळ जागा, माळ, मगरी आणि एक बिडाचं भांडं आलं. जे हाती लागेल ते त्या भांड्यात. १९२१ मध्ये तिथल्या राज्यघटनेने शाळांतून फ्रेंच हद्दपार केली आणि घरची भाषा बोलल्याबद्दल पोरांना शिक्षा होऊ लागली. (ठाकरी बोली घेऊन पहिलीत गेलेल्या पोरांना हा भाग समजावून सांगावा लागणार नाही.) पुढे याच लोकांतला पॉल प्रुडॉम, तेरा भावंडांत धाकटा, १९७९ मध्ये त्याने बायकोबरोबर न्यू ऑर्लिन्स शहरात खाणावळ काढली. मासा लोण्यात बुडवायचा, मसाल्यात लोळवायचा आणि भयंकर तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळा करायचा. आपल्या घरी अशा माशाला 'करपवलास' म्हणून दोन शब्द ऐकावे लागतात. तिकडे दाराशी रांगा लागल्या. तो रेडफिश इतका खपला की ऐंशीच्या दशकात त्याच्या धंदेवाईक मासेमारीला सरकारला आवर घालावा लागला. बाटलीतला केजन मसाला जगभर फिरला तो याच लाटेवर.

मी एका ठिकाणी मात्र सावरून बसलो. लुइझियानात भात निघाला की त्याच खाचरांत पुन्हा पाणी सोडून क्रॉफिश वाढवतात. ही गोड्या पाण्यातली, नांग्या असलेली, कोळंबी आणि खेकडा यांच्या मधली कुणीतरी. इकडे कर्जतला भात कापला की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, खेकडे तर बांधाबांधाला. दोन्हीकडे भाताने सांगायचं पीक द्यावं आणि खाणाऱ्याने डोळा दुसऱ्या पिकावर ठेवावा, असा प्रकार. केजन लोकांचं एका भांड्यातलं मूळ जेवणही भाताचंच. त्याला जंबालाया म्हणतात. तांदळाऐवजी पास्ता घातला की तो 'पास्तालाया'. कर्जतमध्ये भातावर संशोधन करणारं केंद्र आहे, त्या गावाच्या नावाने भाताच्या जाती आहेत. अशा गावाजवळ बसून तांदूळ वगळायचा आणि खोक्यातला पास्ता उघडायचा, याला काय म्हणावं ते मी मित्राला म्हटलं नाही. त्याच्या हातात झारा होता.

सॉसेज मुंबईचं होतं, पण कोंबडी त्याने हौसेने वाडीतून घेतली होती. गावठी.

मावशींनी टोपात डोकावून पाहिलं. "शेट, ह्यो कोंबडा हाय."

"मग?"

"जुना हाय."

खोक्यावर छापलं होतं, १२ मिनिटं. कोंबड्यावर काही छापलेलं नव्हतं, पण तो दीड तासाच्या आत नमणाऱ्यांतला नव्हता. वन पॉटच्या सगळ्या पाककृती ब्रॉयलर कोंबडीवर उभ्या आहेत. तिला जगण्याचा अनुभव नसतो, त्यामुळे ती पास्त्याबरोबर शिजून मोकळी होते. डोंगर चढलेला-उतरलेला, कुत्र्यांना पुरून उरलेला कोंबडा पास्त्याच्या वेळापत्रकात बसत नाही. अर्धा तास तिथेच संपला. आधी कोंबडा एकटा शिजायचा, पास्ता मागाहून पडायचा असं ठरलं आणि मंडळी पत्ते घेऊन बसली.

मित्राच्या बाजूने एवढं मात्र सांगतो की तळाचं काम त्याने झकास केलं. केजन भांड्याची खरी करामत तळाशी असते. मांस तेलात टाकायचं आणि हलवायचं नाही. लागू द्यायचं. लागलं की पाण्याचा हबका मारून खरवडायचं, पुन्हा लागू द्यायचं. रस्सा तपकिरी होतो तो त्या खरवडीने. तपकिरी जंबालायात टोमॅटो नसतोच. जन्मभर "अरे हलव, खाली लागेल" ऐकत वाढलेल्या माणसाला हे ऐकून भरून येतं.

कोंबडा नरमला, पास्ता पडला, वास सुटला, आणि मग पानं मांडायची वेळ आली. टोपात सगळी एकत्र येतात हो. पंगतीत येत नाहीत.

वार शनिवार. मित्राचे सासरे मारुतीचा शनिवार करतात. साडू शनिवारी खातो, पण मार्गशीर्ष महिनाभर बंद. साडूची बायको मार्गशीर्षातले फक्त गुरुवार धरते, म्हणजे ती आज मोकळी, पण नवऱ्यासमोर खाणार नाही. साडूच्या आईला चमचा वेगळा असला की सगळं चालतं. एक मैत्रीण अंडं खाते, कोंबडी खात नाही, आणि याचं कारण विचारलं तर रागावते. शेजारच्या बंगल्यातले काका रस्सा खातात, पीस खात नाहीत. "मला नुसतं वरचं द्या," म्हणाले, आणि वन पॉट पास्त्यात वरचं आणि खालचं असं काही नसतं हे त्यांना पटेना. त्यांचे चिरंजीव परदेशी शिकून आले आहेत, त्यांनी ग्लूटेन सोडलं आहे. या व्रताला देवता नाही आणि उद्यापनही नाही.

केजन पास्त्याची पाककृती लिहिणाऱ्याने मराठी आठवडा पाहिलेला नसतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा नाहीतर साईबाबांचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. तेही संकष्टी, एकादशी, चातुर्मास वगळून. अशा या प्रदेशात सात-आठ माणसं जमवून सामिष पदार्थ एका टोपात करायचा म्हणजे आधी पंचांग उघडायला हवं. टोपाचा आकार नंतर.

आणि केजन लोक या बाबतीत आपल्याला हसतील असं समजू नका. ते कॅथलिक. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ, त्यातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. पण मासा चालतो, आणि क्रॉफिश पाण्यातली, म्हणून तीही चालते. नेमका तोच क्रॉफिशचा हंगाम, त्यामुळे उपवासाच्या शुक्रवारी हंडेच्या हंडे उकळतात आणि माणसं त्यागाच्या भावनेने टेबलावर ढीग ओतून खातात. २०१० साली एकाने न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांना पत्र लिहून विचारलं की उपवासाला मगर चालेल का. आर्चबिशप एमंड यांनी उत्तर दिलं की मगर माशांच्या कुळात धरली जाते, चालेल. हे वाचल्यापासून मला लुइझियाना परकं वाटत नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कसावाच्या कंदाचा साबुदाणा आणि तिकडचाच बटाटा एकादशीला बसवून घेणारी माणसं आपण. आर्चबिशपांना आपल्याकडे मानाने एखादं पीठ मिळालं असतं.

तर आमच्याकडे शेवटी असं झालं. एका लहान टोपात सासरे, साडू आणि अंडेवाल्या मैत्रिणीसाठी शाकाहारी पास्ता. त्यात केजन मसाला, पण बाटलीतून नव्या चमच्याने. एका पातेल्यात शेजारच्या काकांसाठी कोंबड्याचा गाळलेला रस्सा. चिरंजीवांसाठी कुकरमध्ये भात. हा भात गाळलेल्या रश्श्याबरोबर गेला आणि म्हणायचं तर अस्सल जंबालायाच्या सर्वांत जवळ तोच पोचला. मूळचा मोठा टोप उरलेल्यांचा. मावशींनी राखेचं दुसरं घमेलं भरून आणलं.

चवीचं म्हणाल तर पास्ता चांगला झाला होता. पास्त्याचा गहू आपल्या बन्सीच्या जातकुळीचा, अंगाने ताठ, म्हणून रश्श्यात शिजूनही लगदा झाला नाही. मसाल्यात मिरी पुढे आणि मिरची मागे, हे जरा उलट वाटतं, पण दुसऱ्या घासाला जीभ सरावते. मावशींच्या नातवाने ताटली चाटूनपुसून साफ केली आणि अभिप्राय दिला, "मॅगीच हाय. जाडी." यावर ह्यूस्टनकडून काही उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि संध्याकाळी पोपटी ठरली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात हा प्रकार करतात. मडक्याच्या तळाला आणि बाजूंनी भांबुर्ड्याचा पाला. हे बांधावर उगवणारं उग्र वासाचं तण. एरवी त्याला कुणी हात लावत नाही, पोपटीच्या दिवसांत बाजारात जुड्या लागतात. पाल्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये बटाटे, रताळी, अंडी आणि वाटण लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. मग मडकं जमिनीवर पालथं घालून चहूबाजूंनी पेंढा, पाचोळा, काटक्या रचून पेटवायचं. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्या नि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सगळं वाफलतं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्रकन उडालं की झाली पोपटी. गुजरातेत वलसाडकडे उंबाडियू म्हणून असाच पालथ्या मडक्याचा प्रकार आहे, पण तो शाकाहारी, त्यामुळे त्यांचे प्रश्न कमी.

पोपटीत झाकण काढून बघता येत नाही, ढवळता येत नाही, चाखता येत नाही. म्हणजे घोषणा केलेल्या पुरुषाला करण्यासारखं काहीही उरत नाही. म्हणून शेकोटीभोवती उभं राहून तो सल्ला देतो. इकडून पेंढा घाला. तिकडचा जाळ काढा. आमच्याकडे अलिबागला असं करत नाहीत. मावशींचे यजमान काठीने निखारे सारखे करत होते आणि प्रत्येक सल्ल्याला "व्हय" म्हणत होते. एकही अमलात आणत नव्हते.

पण सांगायचं ते पुढेच. सकाळीच मावशी आल्या होत्या विचारायला. पोपटीला कोंबडी किती, शेंगा किती, यातलं काही नाही. पहिला प्रश्न, "शेट, मडकी किती लावू?" आदल्या आठवड्याला वरच्या बंगल्यावर चार लावली होती म्हणाल्या. एक कोंबडीचं, एक अंड्यांचं, एक नुसत्या शेंगांचं आणि जैन पाहुण्यांसाठी एक बटाटा-रताळं वगळून. मुंबईच्या माणसांचा इतका अभ्यास कुठल्या विद्यापीठाने केलेला मला ठाऊक नाही. आम्ही दोन सांगितली. आयत्या वेळी सासरेबुवांनी निकाल दिला की कोंबडी केळीच्या पानात बांधलेली असते, सबब शेंगांना ती लागत नाही, आणि तसाही आज रविवार आहे. एक मडकं वाचलं. न्यू ऑर्लिन्सला हा निकाल कळवायला हरकत नाही.

वर वाडीत त्याच संध्याकाळी दुसरी आगटी पेटली होती. तिथे मडकं एकच होतं आणि ते आमच्यापेक्षा आधी संपलं.

आता तुम्हाला करून बघायचं असेल तर कामाचं तेवढं सांगतो. अर्धा किलो पास्त्याला लिटरभर पाणी पुरतं. कमी वाटलं तरी धीर धरा. बाटलीतल्या मसाल्यात बहुधा मीठ असतंच, वरून घालण्याआधी चव बघा. मांस तळाला लागलं तर ओरडू नका. कोंबडी ब्रॉयलर घ्या, गावठी असेल तर तिला आधी पुरती शिजू द्या. पोपटी खायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी यातच या, पुढे शेंगा वाळतात. आणि कुठलंही एका भांड्यातलं जेवण ठरवलंत, तर निघायच्या आदल्या रात्री एकेकाला फोन करून वार विचारून घ्या. भांडी त्या हिशेबाने आणा.